सवलतीची अट आणि विश्रामबागचं लिनक्स

5 एप्रिल 1919 या दिवशी मुंबई बंदरातून ‘एसएस लॉयल्टी’ ही बोट लंडनच्या दिशेनं निघाली. बोट जुनी होती, ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून विकत घेतलेली. ती चालवणारी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी नवीकोरी, आणि ती उभी करणाऱ्यांत नरोत्तम मोरारजींच्या बरोबरीनं सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरची मालवाहतूक तेव्हा लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश कंपन्यांच्या मुठीत होती. नवी कंपनी दिसताच त्यांनी दर पाडले, ही हकीकत वालचंदांच्या प्रत्येक चरित्रकथेत येते. त्या ब्रिटिश कंपन्यांचं दुसरं हत्यार याहून धारदार होतं, पण त्याबद्दल फारसं बोललं जात नाही.

व्यापाऱ्यानं भरलेल्या भाड्यातला काही भाग या कंपन्या त्याला परत करत, पण लगेच नाही. ठरलेली मुदत उलटावी लागे, आणि त्या मुदतीत त्यानं दुसऱ्या कुणाच्या बोटीत एकही गाठोडं चढवलेलं नसावं, अशी अट असे. एकदा जरी सिंदियाकडे माल दिला, तरी आधीची साठलेली सवलत बुडाली. कायद्यानं कुणाला अडवलेलं नव्हतं. बंदरात दुसरी बोट उभी होती, तिचा दरही परवडणारा होता, तरी व्यापारी तिच्याकडे वळत नसे.

त्याच 1919 साली सांगलीला डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं विलिंग्डन कॉलेज सुरू झालं. धोंडूमामा साठे यांनी 1947 मध्ये न्यू इंजिनिअरिंग कॉलेज काढलं आणि 1955 पासून त्याला वालचंदांचं नाव मिळालं. सांगली-मिरज रस्त्यावर विश्रामबागला, रेल्वे स्टेशनच्या परिसरात, ही दोन्ही आवारं आहेत. वालचंद महाविद्यालयाचं एकट्याचं आवार सुमारे 90 एकरांचं. पुढे संगणकाच्या दुनियेत त्या जुन्या जहाजी सवलतीचीच नवी आवृत्ती निघाली, आणि तिच्याबाहेर पडू पाहणारी मुलं वालचंदांच्याच नावाच्या महाविद्यालयात एकत्र आली. हा योगायोगच, पण मला तो फार मोलाचा वाटतो.

ती नवी आवृत्ती अशी. आयबीएमनं 12 ऑगस्ट 1981 रोजी आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्याच्यासाठी मायक्रोसॉफ्टनं एक तयार ऑपरेटिंग सिस्टिम सिॲटलच्या दुसऱ्या कंपनीकडून विकत घेऊन दिली, आणि ती इतर उत्पादकांना विकण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला. आयबीएमच्या धर्तीची यंत्रं जगभर बनू लागली तशी मायक्रोसॉफ्टची डॉस त्यांच्यावर चढत गेली. मग उत्पादकांशी करार झाले, ते यंत्रामागे पैसे मोजण्याचे. कारखान्यातून जितकी यंत्रं बाहेर पडतील तितक्यांचे पैसे मायक्रोसॉफ्टला द्यायचे, मग त्यांतल्या काहींवर दुसऱ्याची सिस्टिम असली तरीही. साहजिकच दुसरी सिस्टिम बसवणं म्हणजे दोनदा पैसे भरणं झालं. इंचकेपच्या अटीत आणि या अटीत मला फरक दिसत नाही. दोन्हींत गिऱ्हाइकाला मोकळीक असते आणि ती वापरली की दंड बसतो. अमेरिकेच्या न्याय खात्याशी जुलै 1994 मध्ये झालेल्या तडजोडीत मायक्रोसॉफ्टनं असे करार सोडून देण्याचं मान्य केलं, पण तोवर बरीच वर्षं उलटून गेली होती. 1998 चा मोठा खटला ब्राउझरवरून झाला. 2000 च्या जूनमध्ये कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश निघाला आणि वर्षभरात अपिलात तो रद्द झाला.

यातलं सांगलीपर्यंत काय पोचलं? इथे कहाणी थोडी वेगळी आहे, आणि अमेरिकेतल्या वादांची उजळणी करत बसलं तर ती निसटते. नव्वदीच्या दशकात महाराष्ट्रातल्या लहान शहरांत घरी येणारा संगणक बहुधा असेंबल्ड असे. पुण्या-मुंबईहून सुटे भाग आणायचे, कॅबिनेटमध्ये बसवायचे, आणि देता देता असेंबल करणारा त्यात विंडोज टाकून द्यायचा. त्या विंडोजचे पैसे कुणी वेगळे मोजत नसे, कारण ती नक्कल असे. युरोप-अमेरिकेत लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमची बाजू मांडणारे पहिल्यांदा सांगत की हे फुकट आहे. आपल्याकडे त्या वाक्याला वजनच नव्हतं, कारण विंडोजही फुकटच होती. मक्तेदारी इथे किमतीवर उभी नव्हती. ती शेजाऱ्याकडे तेच आहे, क्लासमध्ये तेच शिकवतात आणि अडलं तर विचारायला माणूस त्याचाच मिळतो, या तीन पायांवर उभी होती. यातला तिसरा पाय सगळ्यांत भक्कम, असं माझं मत आहे, आणि पुढचं सगळं मी त्याच नजरेनं पाहतो.

त्याआधीचा एक काळ विसरला जातो. रंगराजन समितीच्या 1984 च्या अहवालानंतर बँकांत संगणक येऊ लागले, आणि अनेक शाखांत ते युनिक्सवर चालत. एक मुख्य यंत्र आणि त्याला जोडलेली काळ्या पडद्याची, हिरव्या अक्षरांची टर्मिनलं, असा तो थाट. युनिक्सचा जन्म 1969 चा, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधला. संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमांत युनिक्स होतंच. मॉरिस बाख यांचं 1986 चं युनिक्सच्या रचनेवरचं पुस्तक भारतातल्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी घोकलं. पण हॉस्टेलच्या खोलीतल्या यंत्रावर मात्र विंडोज आणि तिच्या पोटात सी भाषेसाठीचं टर्बो सी. नागपूरच्या यशवंत कानेटकरांची सी शिकवणारी पुस्तकं त्या टर्बो सीच्या निळ्या पडद्यावरच गिरवली गेली. परीक्षेला युनिक्समध्ये फाइलची नोंद ठेवणाऱ्या आयनोडची आकृती काढायची आणि प्रत्यक्षात युनिक्सला हात लावायचा नाही, असं कितीतरी विद्यार्थ्यांचं झालं.

तो हात लावता आला लिनक्समुळे. हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हाल्ड्सनं 25 ऑगस्ट 1991 रोजी आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा तो 21 वर्षांचा विद्यार्थी होता. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाची अवजारं आणि त्यांचा परवाना या नव्या गाभ्याला मिळाला. त्या परवान्यानुसार कुणीही प्रोग्रॅम उघडून बघावा, बदलावा, वाटावा. अट एवढीच की पुढच्यालाही तीच मुभा द्यावी.

हे सगळं इंटरनेटवर होतं, आणि इंटरनेट भारतात सर्वसामान्यांसाठी 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झालं, तेही महानगरांत. पुढे फोनच्या तारेवरून ते लहान शहरांत आलं. एका सीडीत मावेल इतकं, म्हणजे साडेसहाशे मेगाबाइट लिनक्स उतरवायचं तर 56 केबीपीएसचा मोडेम पूर्ण वेगानं आणि न तुटता चालला तरी एका दिवसाहून जास्त वेळ लागे. पूर्ण वेगानं तो कधी चालत नसे, आणि फोनचं बिल निराळं. त्यात स्वस्तातले बरेच मोडेम फक्त विंडोजच्या भरवशावर चालणारे. लिनक्स टाकलं की मोडेम मुका, आणि मोडेम मुका म्हणजे मदत विचारण्याची वाटही बंद.

ही कोंडी फोडली एका मासिकानं. ‘पीसीक्वेस्ट’नं 1996 पासून अंकाबरोबर लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली. या उपक्रमामागे होते अतुल चिटणीस. बर्लिनमध्ये 1962 साली जन्मलेले आणि बेळगावात अभियांत्रिकी शिकलेले चिटणीस बंगळुरात स्थायिक झाले होते. इंटरनेट यायच्या आधीच, 1989 पासून, ते टेलिफोनवरून चालणारं एक बुलेटिन बोर्ड चालवत. 2001 पासून त्यांनी बंगळुरात भरवलेला लिनक्सचा मेळावा पुढे ‘फॉस डॉट इन’ नावानं आशियात गाजला. 3 जून 2013 रोजी, वयाच्या 51 व्या वर्षी ते गेले. भारतातल्या गावोगावच्या अभियंत्यांनी पहिलं लिनक्स बहुतेक वेळा त्यांच्यामुळे पाहिलं, आणि त्या ऋणाची नोंद मराठीत जितकी व्हायला हवी तितकी झालेली नाही. बुकस्टॉलवर एक अंक आला की त्यातली सीडी अख्ख्या हॉस्टेलमध्ये फिरे. ती नक्कल करणं गुन्हा नव्हता. उलट नक्कल करा असंच परवाना सांगत होता.

पण सीडी मिळणं आणि लिनक्स चालणं यांत अंतर होतं. हार्ड डिस्कचे भाग पाडायचे म्हणजे घरातल्यांच्या फायली पणाला लावायच्या. एक चुकीची कळ दाबली की वडिलांचा हिशेब आणि बहिणीचा प्रोजेक्ट दोन्ही गेले. मॉनिटरचे आकडे चुकले तर पडदा काळा. अशा वेळी पुस्तक कामाला येत नाही. ज्यानं आधी केलंय असा कुणीतरी खांद्यामागे उभा असावा लागतो. लिनक्स युजर्स ग्रुप नावाची मंडळं जगभर उगवली ती या गरजेतून. मुंबईला झालं, पुण्याला झालं. आणि विश्रामबागला वालचंद महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप चालवला. अशी मंडळं बहुतेक ठिकाणी एका उत्साही माणसाबरोबर उभी राहतात आणि तो नोकरीला लागला की विझतात. वालचंदचं मंडळ मात्र एका तुकडीकडून दुसरीकडे जात राहिलं. वरच्या वर्गातल्यांनी खालच्यांना शिकवायचं, मग खालच्यांनी त्यांच्या खालच्यांना. मेटामॉर्फोसिस, टेक्नोट्वीट, लिनक्स डायरी असे त्यांचे कार्यक्रम वर्षानुवर्षं होत आले आहेत. दर चार वर्षांनी ज्याचे सगळे सभासद बदलतात, असं मंडळ टिकणं ही माझ्या लेखी या कहाणीतली सगळ्यांत मोठी गोष्ट आहे. सांगलीत मोठी सॉफ्टवेअर कंपनी नाही. आधार होता तो वर्गांचा आणि हॉस्टेलचा.

आवाराबाहेर मात्र वारं उलट्या दिशेचं होतं. 2001 साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि पाठोपाठ त्याचा एमएससीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम आला. तालुक्याच्या गावापर्यंत संगणकाचे क्लास पोचले. लाखो मुलामुलींनी, शिक्षकांनी, तलाठ्यांनी पहिल्यांदा माऊस हातात धरला तो तिथे. या कामाचं मोल कमी लेखणं अन्यायाचं होईल. पण शिकवलं गेलं ते विंडोज आणि ऑफिस. सरकारी नोकरीसाठी लागणारं प्रमाणपत्र एका कंपनीच्या मालावर बेतलेलं असणं ही धोरणातली चूक होती, असं मला वाटतं. केरळनं त्याच दशकात शाळांतली संगणकाची यंत्रं टप्प्याटप्प्यानं लिनक्सवर नेली आणि दहावीची परीक्षाही त्यावर घेतली. आपल्याला तसं करता आलं असतं. शिकवणारी माणसं विश्रामबागला, पुण्याला, मुंबईला होतीच.

आणि सांगणाराही मोठा होता. 28 मे 2003 रोजी राष्ट्रपती अब्दुल कलाम पुण्याला हिंजवडीच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या समर्पण समारंभाला आले. आदल्या नोव्हेंबरात बिल गेट्स भारतात येऊन 40 कोटी डॉलरच्या गुंतवणुकीची घोषणा करून गेले होते. कलामांनी भाषणात त्यांच्याशी झालेल्या भेटीचा उल्लेख केला. खुल्या सॉफ्टवेअरवरून आपले मतभेद झाले हे त्यांनी मोकळेपणानं सांगितलं, आणि भारतासारख्या देशाला मुक्त सॉफ्टवेअरचाच मार्ग धरावा लागेल असं मत मांडलं. त्याच दिवशी, 28 मे 2003 ला, जर्मनीतल्या म्युनिक शहराच्या नगरपरिषदेनं आपले सुमारे 14 हजार संगणक लिनक्सवर नेण्याचा निर्णय केला. तो टाळावा म्हणून मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वतः म्युनिकला जाऊन महापौरांना भेटले होते. म्युनिकनं दहा वर्षं खपून तो निर्णय पुरा केला आणि 2017 मध्ये पुन्हा विंडोजकडे जायचं ठरवलं.

मराठी माणसाची यापलीकडे आणखी एक अडचण होती, लिपीची. पुण्याच्या सीडॅकनं संगणकात बसवायचं जिस्ट कार्ड आणलं, भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण 1991 मध्ये ठरलं. पण छपाईच्या बाजारात चाललं ते प्रत्येकाचं आपापलं. श्रीलिपी या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की चिन्हांचा नुसता कचरा. ‘फॉन्ट उडालाय’ हे वाक्य प्रत्येक डीटीपीवाल्यानं ऐकलेलं आहे. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे ठराव, साप्ताहिकांची पानं हे सगळं त्या फॉन्टांत, ते फॉन्ट विंडोजवर, आणि पेजमेकरही विंडोजवर. एखाद्या छापखान्याला लिनक्स कितीही आवडलं तरी पंधरा वर्षांच्या फायली मागे टाकून तो जाणार कुठे?

हे कुलूप उघडलं प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोडनं, आणि त्याच्यासाठी राबलेल्या माणसांनी. प्रा. जितेंद्र शहा यांच्या इंडिकट्रान्स गटानं ‘गार्गी’ हा मुक्त देवनागरी फॉन्ट दिला. रेड हॅट या लिनक्स कंपनीनं 2004 मध्ये ‘लोहित’ फॉन्ट मुक्त परवान्याखाली आणले. ते घडवले होते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं, म्हणजे श्रीलिपीच्याच कर्त्यांनी. रेड हॅटच्या पुण्यातल्या कचेरीत भारतीय भाषांसाठी काम करणारा गट बसे, आणि लिनक्सच्या पडद्यांचं मराठीकरण तिथल्या आणि बाहेरच्या स्वयंसेवकांनी मिळून केलं. हिंदीसाठी घडलेलं देवनागरी मराठीला जसंच्या तसं पुरत नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत आपल्याला दोन वेगळे र लागतात. आपल्याकडे ल आणि श वेगळे काढतात. या बारकाव्यांच्या तक्रारी नोंदवायच्या, दुरुस्त्या तपासायच्या, पुढच्या आवृत्तीत पुन्हा बिघडलं तर पुन्हा सांगायचं, असं ते चिकट काम वर्षानुवर्षं चाललं. कंपनीच्या बंद फॉन्टात खोट असली तर तिच्या मर्जीची वाट पाहावी लागते. इथे खोट दिसणाऱ्याला ती स्वतः दुरुस्त करता येत होती.

घराघरांत लिनक्स आलं नाही. सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा अडत्या टॅलीवर हिशेब ठेवतो, टॅली विंडोजवर चालते, आणि ती सोडून देण्याचं त्याला काही कारण नाही. मोठी निवड झाली ती अनपेक्षित ठिकाणी. देशभरातल्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांच्या संगणकीकरणाचा आराखडा 2005 मध्ये तयार झाला, 2007 पासून ई-कोर्ट्सचं काम सुरू झालं, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीनं त्यासाठी मुक्त सॉफ्टवेअर निवडलं. न्यायाधीशांच्या लॅपटॉपवर आणि कोर्टाच्या यंत्रांवर लिनक्सची उबुंटू ही आवृत्ती आली. खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणाली एनआयसी या केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या पुणे केंद्रानं बनवली, तीही मुक्त सॉफ्टवेअरवर. 14 हजारांहून अधिक न्यायाधीशांना उबुंटू वापरण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. त्यासाठी न्यायाधीशांतून आणि कर्मचाऱ्यांतूनच प्रशिक्षक तयार केले, आणि त्यांनी आपापल्या जिल्ह्यात जाऊन इतरांना शिकवलं. वालचंदच्या आवारात मुलांनी जे शोधून काढलं होतं, तीच ही पद्धत, देशाच्या मापाची.

सांगलीचं जिल्हा न्यायालय विजयनगरला आहे, वालचंद महाविद्यालयापासून थोड्याच अंतरावर. या यंत्रांवर काम करणाऱ्या बहुतेकांनी संगणकाची ओळख विंडोजवरच करून घेतलेली असणार. तरी काम चालतं. तारखा पडतात, रोजनामे चढतात, पक्षकाराला मोबाइलवर पुढची तारीख कळते. निवड वरून ठरली हे खरं. पण ती टिकली, कारण तिच्याबरोबर शिकवणारा माणूस पाठवला गेला. 2015 मध्ये केंद्र सरकारनं सगळ्या खात्यांसाठी मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं. सीडॅकनं बनवलेली बॉस लिनक्स तर 2007 पासून होती. कोर्टांतल्या उबुंटूइतकी ती कुठे रुजलेली दिसत नाही, आणि कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही.

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 ची नेहमीची देखभाल थांबवली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय यंत्रात लागते, आणि ती नसलेली पण एरवी धडधाकट यंत्रं शाळांत, पतसंस्थांत, घरांत पडून आहेत. त्यांच्यावर उबुंटू किंवा मिंट चढवायला आता तासभर पुरतो. पेनड्राइव्ह लावून आधी नुसतं चालवून बघता येतं, डिस्कला हातही न लावता. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी तीन गोष्टी आधी तपासाव्यात: प्रिंटर चालतो का, हिशेबाचं सॉफ्टवेअर कुठलं आहे, आणि जुन्या फॉन्टांतल्या मराठी फायली युनिकोडमध्ये उतरवून घेतल्या आहेत का. यातली तिसरी गोष्ट यंत्र विंडोजवरच ठेवणाऱ्यांनीही करून घ्यावी.